शिकारीच्या आठवड्यातला सराव

२७ ऑगस्ट १९७९, सोमवार

काल पुन्हा हरलो. तीन-शून्य. तक्त्यात आम्ही खालून दुसरे आहोत आणि खालचे दोघे घसरतात, म्हणजे हंगाम आज संपला तर आमचा बाजार उठलाच.

दुपारी सिक्सटेन आला. क्लबचा अध्यक्ष, आणि एरवी लाकूडगिरणीत मुकादम. माझ्या बायकोने, बेरिलने, कॉफी आणि दालचिनीचे पाव पुढं ठेवले. तो हवामानावर बोलला, पाव छान झालेत म्हणाला, पुन्हा हवामानावर आला. उठताना टोपी हातात फिरवत म्हणाला, "खालच्या विभागात गेलो तर तुझा करार पुढं न्यायला जरा जड जाईल, नॉर्मन." एवढ्या एका वाक्यासाठी बिचाऱ्याने अख्खी किटली रिकामी केली. इंग्लंडमध्ये एका अध्यक्षाने मला काढलं होतं ते चालू गाडीच्या खिडकीतून, आणि काच वर करता करता.

बेरिलला म्हटलं, काढलं तर काढलं, तिकडून कधीही फोन येईल. तीन वर्षं झाली, फोन आलेला नाही हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. आयुष्यभर डाव्या बगलेला बचावात खेळलो, दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागात. गुडघा गेल्यावर वर्षभर बियरची पिंपं वाहिली. मग इकडं उत्तरेतल्या ग्रानफोर्स गावच्या या लोकांनी बोलावलं. हे लोक सोडले तर मला प्रशिक्षक म्हणायला जगात कुणी तयार नाही. हे मी फक्त इथं लिहितो.

३० ऑगस्ट, गुरुवार

आज तोफ डागली.

पंधरा सप्टेंबरच्या शनिवारी सगळ्यात खालच्या संघाशी आमच्याच मैदानावर सामना आहे. तो जिंकलो तरच जीव वाचेल. आणि त्याच्या आधीचा आठवडा कुठला? एल्कच्या शिकारीचा! घोड्याएवढ्या त्या हरणापायी अख्खं गाव जंगलात जाऊन बसतं. गिरणी बंद, शाळा बंद, पाद्रीसुद्धा बंदूक घेऊन गायब. माझे निम्मे खेळाडू शंभर किलोमीटर लांब लाकडी झोपड्यांत राहतात आणि शुक्रवारी रात्री रक्ताळलेल्या बुटांनिशी, झोप न झालेल्या डोळ्यांनी उगवतात. तीन वर्षं तीनदा त्या शनिवारी मार खाल्ला. मी पाहुणा म्हणून गप्प बसलो. आता नाही.

सराव संपल्यावर सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, यंदा शिकार बंद. सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी सराव. जो येणार नाही तो शनिवारी खेळणार नाही. "कुणाला काही अडचण असेल तर आत्ताच बोला. चारचौघांत नको असेल तर नंतर माझ्या खोलीत या. दार उघडं आहे."

सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले. मी एव्हर्टकडे बघितलं. एव्हर्ट आमचा कप्तान, मधल्या बचावात खांबासारखा उभा राहतो, गिरणीत करवतीवर असतो. त्याने एकदा बुटांकडे बघितलं आणि श्वास आत ओढला. इकडं 'हो' असंच म्हणतात, तोंडाने न बोलता, चटका बसल्यासारखा श्वास आत घेऊन. कप्तानाने ओढला तसा बाकीच्यांनीही ओढला.

मी खोलीत दार उघडं टाकून बसून राहिलो. कुणी फिरकलं नाही. तिकडं असतो तर एव्हाना रांग लागली असती: साहेब, बायको बाळंत होतेय, साहेब, आजी वारली. एका पोराची आजी माझ्यादेखत तीनदा वारली होती. इथं एकही नाही. मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं.

४ सप्टेंबर, मंगळवार

बेरिल विणकामाच्या वर्गाहून आली ती काहीतरी घेऊन. "एव्हर्टची आई भेटली होती. नॉर्मन, मला वाटतं तू एव्हर्टशी एकदा—"

"बेरिल, एकाला सोडलं की अकरा जण सोडायला लागतात."

"अरे, पण ऐकून तर घे."

"एव्हर्ट काय तोंड नसलेला आहे? त्याला काही म्हणायचं असेल तर तो येईल. दार उघडं आहे."

"तुझं ते दार!" असं म्हणून ती बटाटे सोलायला बसली. लोकर आणि सुया घेऊन बायका संघ निवडायला लागल्या तर मी काय करायचं?

१० सप्टेंबर, सोमवार

सगळे आले! एकूण एक. गाव ओस पडलंय, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही कारण कुत्रीही शिकारीला गेलीत, आणि माझ्या मैदानावर अख्खा संघ. मला खरंच भरून आलं. कोपऱ्यावरून येणारे चेंडू तासभर घेतले. एव्हर्टने सांगितलं ते सगळं केलं. हसला नाही, पण तो एरवीही वर्षातून दोनदा हसतो.

आणखी एक गंमत. बाकावर बघतो तर हिल्डिंग, एव्हर्टचे वडील. सत्तरी कधीच ओलांडलेले, जन्मभर इथल्या शिकारीच्या टोळीचे म्होरके. अंगात हिरवा शिकारीचा डगला, शेजारी थर्मास, खाली रेनडिअरचं कातडं अंथरलेलं. मी जाऊन म्हटलं, "काय हिल्डिंगबाबा, जंगल सोडून इकडं?"

"यंदा इकडं," म्हणाले.

"एल्कपेक्षा फुटबॉल बरा ना?"

त्यांनी श्वास आत ओढला.

एवढा मुरलेला शिकारीसुद्धा माझा सराव बघायला येतो म्हणजे काहीतरी बदलतंय. बेरिलला सांगितलं. ती म्हणाली, "नॉर्मन, तू एवढा हुशार कसा रे?" टोमणा होता, पण कशावर ते कळलं नाही.

१३ सप्टेंबर, गुरुवार

म्हातारा रोज येतो. सराव सुरू व्हायच्या आधी एव्हर्ट त्यांना दंडाला धरून बाकावर बसवतो आणि मगच मैदानात उतरतो. मोठा आज्ञाधारक मुलगा आहे.

हिल्डिंगबाबांना खेळातलं मात्र ओ की ठो कळत नाही. समोर दहा पावलांवर गोल झाला तरी विचारतात, "कुणी मारला?" आज मी त्यांच्याशेजारी बसून सगळं सांगत होतो: तो बघा डावीकडून आला, आता आत टाकेल, एव्हर्ट उडाला, बाहेर गेला चेंडू. ते मान खाली घालून, कान माझ्याकडे करून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "छान सांगतोस. पण हळू सांगावं. जनावर पळतं." मी पोट धरून हसलो. डोक्यात शिकारच, दुसरं काय!

मला बोलायला आवडतं आणि त्यांना ऐकायला. आमची जोडी चांगली जमली आहे.

१५ सप्टेंबर, शनिवार

जिंकलो! दोन-एक. आणि विजयी गोल कोपऱ्यावरून, आठवडाभर घोटून घेतलेला, एव्हर्टच्या डोक्याने. मी गुडघा विसरून उडी मारली आणि आता तो बशीएवढा सुजलाय. सिक्सटेनने मला मिठी मारली. मला वाटतं त्याने बायकोलाही अशी मारली नसेल. पोरं एव्हर्टच्या अंगावर पडली. तो त्यांच्याखालून उठला, मातीचे हात पुसले, बाकाकडे एकदा बघितलं आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. तिकडच्या पोराने असा गोल मारला असता तर कपडे काढून गावभर धावला असता.

सामना सुटल्यावर हिल्डिंगबाबा बाकावरून उठले, कातडं झटकलं, गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "घे, नॉर्मन. बाक गार असतो."

"अहो, तुम्हाला लागेल की."

"मला आता नाही लागायचं."

पहिल्यांदाच इथं कुणी मला काही भेट दिली. नवं नाहीये, दोन जागी केस पार झिजून गेलेत, शेजारी शेजारी दोन खळगे पडल्यासारखे. पण ऊब मस्त आहे. घरी येऊन बेरिलला दाखवलं. तिने त्या खळग्यांवरून हात फिरवला आणि आत निघून गेली.

७ ऑक्टोबर, रविवार

हंगाम संपला, वाचलो. तळाच्या दोघांच्या वर एक पाऊल. सिक्सटेन करार घेऊन आला, आणखी दोन वर्षं. या खेपेला एकाच पेल्यात काम झालं.

बेरिलला म्हटलं, बघितलंस? एक आठवडा कडक राहिलो, दोन वर्षं मिळाली. ती म्हणाली, "हिल्डिंगला इस्पितळात ठेवलंय, तुला कळलं का?" मी म्हटलं नाही. उद्या फुलं पाठवू.

२० ऑक्टोबर, शनिवार

आज शिकारीची मेजवानी होती, संघ आणि टोळ्या सगळे एकत्र. लांब टेबलं, मेणबत्त्या, एल्कचं मटण, लिंगोन नावाच्या रानफळाची आंबटगोड चटणी. ताटात मटण जरा कमीच वाटलं. शेजारच्याला विचारलं तर म्हणाला, "यंदा माणसं कमी पडली." एवढंच. रागाने नाही, पाऊस कमी पडला म्हणावं तसं.

मी उठून सगळ्यांचे आभार मानले. म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी एक आठवडा सोडलात, मी विसरणार नाही. टाळ्या झाल्या. मोठ्या झाल्या असं म्हणवत नाही. हिल्डिंगबाबांची खुर्ची टेबलाच्या टोकाला होती, कुणी बसलं नव्हतं. एव्हर्ट लवकर निघून गेला.

१४ नोव्हेंबर, बुधवार

हिल्डिंगबाबा गेले. आज माती होती. जमीन गोठलेली, खड्डा खणायला दोन दिवस लागले म्हणे. संघातले सगळे काळ्या सुटात. टोळीतल्या माणसांनी पेटी उचलली. पेटीवर फुलांऐवजी देवदाराच्या फांद्या.

परतताना गाडीत मी म्हटलं, "बिचारे. दोन महिन्यांपूर्वी तर बाकावर बसून सामना बघत होते."

बेरिल म्हणाली, "बघत नव्हते."

"म्हणजे?"

"नॉर्मन, त्यांना दिसत नव्हतं. दोन वर्षं झाली दिसेनासं होऊन. एव्हर्ट त्यांना जंगलात घेऊन जायचा, शेजारी बसायचा, आणि काय काय दिसतंय ते कानात सांगायचा. मागं एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळं निघालंय शरीराचं, हे शेवटचं वर्ष. हे शेवटचं जंगल होतं त्यांचं. दुसऱ्या कुणाबरोबर जायला ते तयार नव्हते."

मी गाडी बाजूला घेतली.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते. तू म्हणालास, दार उघडं आहे."

शेवटी गाडी तिनेच चालवली. आता हे लिहिताना समोर खुर्चीवर ते कातडं आहे आणि मला तिकडं बघवत नाहीये. महिनाभर मी त्याच्यावर बसून ओरडत होतो. दोन खळगे. दोन माणसांचे! आणि मी गाढव म्हणत होतो, नवं नाहीये.

१८ नोव्हेंबर, रविवार

एव्हर्टकडे गेलो. कातडं काखेत मारून. त्याने दार उघडलं, बूट काढायला सांगितलं, स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ठेवली. मीच सुरुवात केली. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो.

"एव्हर्ट, मला माहीत नव्हतं रे."

"हो. माहीत नव्हतं तुला."

"तू सांगितलं असतंस तर मी त्या क्षणी सोडलं असतं. शपथ! आठवडाभर काय, महिनाभर सोडलं असतं. तू सांगितलं का नाहीस?"

त्याने पेल्यात बघितलं. "सगळ्यांना बंद होतं. मी एकट्याने कसं मागायचं?"

"अरे, पण मी विचारलं होतं की! सगळ्यांसमोर विचारलं, कुणाला काही अडचण आहे का म्हणून."

"हो," तो म्हणाला. "सगळ्यांना विचारलंस."

माझ्या गावी ज्याला नड असते तो दार ठोठावतो, आणि नाही ठोठावलं तर नड नाही असं धरतात. इथं माझ्या दारासमोरून सगळे आपापली नड खिशात घालून निघून गेले होते. मी आत बसून खूश होतो, सोपं गेलं म्हणून.

"बाबा रागावले नव्हते," एव्हर्ट म्हणाला. "म्हणायचे, नॉर्मन छान सांगतो, पण फार मोठ्याने सांगतो."

मग मात्र मला रडू आवरलं नाही. एका गिरणी कामगाराच्या स्वयंपाकघरात, नुसत्या मोज्यांनी बसून. त्याने माझ्यापुढं पाव सरकवला.

निघताना कातडं पुढं केलं. त्याने हात मागं घेतले. "तुला दिलंय. आमच्यात दिलेलं परत घेत नाहीत." आणि दारात म्हणाला, "पुढच्या हंगामात मी खेळणार नाही. तुझ्यामुळं नाही. पाठ दुखते." पाठ दुखते हे खरं असेल. बाकीचं खरं नाही, हे मलाही कळलं. एवढं तरी आता कळतं.

२ फेब्रुवारी १९८०, शनिवार

फोन आला. अखेर! तिकडून, माझ्या जुन्या क्लबातून, जिथं मी गुडघा मोडून घेतला तिथून. तिसऱ्या विभागात आहेत, दुय्यम प्रशिक्षक हवाय. "नॉर्मन, लेका, बर्फात सडू नकोस, ये घरी."

साडेतीन वर्षं मी हा फोन मनात शंभर वेळा घेतला होता, आणि शंभरही वेळा पुढचं वाक्य ऐकायच्या आत हो म्हणालो होतो. आज म्हटलं, करार आहे. तो म्हणाला, अरे करार मोडता येतात. मी म्हटलं, इथं नाही मोडत. फोन ठेवल्यावर बेरिल माझ्याकडे भूत बघितल्यासारखी बघत होती. नंतर तिने गालाचा मुका घेतला. मी विचारलं, तुला परत जायचं नव्हतं? ती म्हणाली, "मला? हे तू पहिल्यांदाच विचारतोयस."

२४ ऑगस्ट, रविवार

शिकार जवळ आली. याही वर्षी त्या शनिवारी सामना आहे, परक्या मैदानावर, पहिल्या क्रमांकाच्या संघाशी. या खेपेला खोलीत कुणाला बसवलं नाही. आठवडाभर घरोघर हिंडलो. एकेकाच्या स्वयंपाकघरात बूट काढून बसलो, कॉफी प्यायलो, हवामानावर बोललो, आणि उठता उठता विचारलं, शिकारीच्या आठवड्यात तुझं काय? पोट कॉफीने डबडबलंय, पण काय काय कळलं! डाव्या बगलेच्या आमच्या खेळाडूला रक्त बघवत नाही, तो खुशाल राहणार आहे. गोलरक्षक, एकोणीस वर्षांचा, जो मला तोंडावर "ए नॉर्मन, तू ना" म्हणतो, त्याला जायचंय कारण त्याच्या काकांनी पहिल्यांदाच बोलावलंय. चार वर्षं मी यांना ओळखतो असं समजत होतो.

शेवटी हिशोब बसला: आठ जण जाणार. सिक्सटेनला सांगितलं, शनिवारी चार-पाच गोल खाऊ, तयारीत राहा. तो हवामानाकडे न वळता म्हणाला, "खाऊ की."

४ सप्टेंबर, गुरुवार

संध्याकाळी दारावर थाप. एव्हर्ट. सिक्सटेन सोडला तर वर्षभरात माझ्या दारावर पडलेली पहिली थाप. आत ये म्हटलं तर आला नाही, पायरीवरच उभा राहिला, टोपी फिरवत.

"सोमवारी तुझा सराव आहे?"

"नाही. माणसंच नाहीत."

त्याने श्वास आत ओढला. मग बराच वेळ आमच्या शेजाऱ्याच्या कुंपणाकडे बघितलं. "पहाटे चारला येतो गाडी घेऊन. उबदार कपडे घाल." पायऱ्या उतरून गेला, फाटकाशी थांबला. "कातडं आण."

८ सप्टेंबर, सोमवार

लिहायला फार नाही. हात अजून गार आहेत.

अंधारात चालत गेलो. दलदलीच्या काठावर पडलेला ओंडका, तेच हिल्डिंगबाबांचं ठाणं. एव्हर्टने कातडं अंथरलं. मी बसायला गेलो तर म्हणाला, "तू उजव्या बाजूला. डावी माझी." खळगा माझ्या मापाचा नव्हता. म्हातारा लहान चणीचा होता. तरी बसलो.

उजाडेपर्यंत एक शब्द नाही. मी! ज्याला कोपऱ्याचा चेंडू पडेपर्यंत गप्प बसवत नाही, तो तासन्‌तास गप्प. लांब कुठंतरी कुत्रा भुंकला. एव्हर्टने बंदूक गुडघ्यावर घेतली.

मग पलीकडच्या बर्चच्या झाडीतून ती बाहेर आली. मादी, उंच, करडी. पाठोपाठ दोन पिल्लं. चांगला उजेड होता, सगळं लख्ख दिसत होतं.

एव्हर्ट माझ्या कानाशी झुकला आणि अगदी हळू आवाजात सांगायला लागला. "डावीकडून आलीये. बर्चच्या पलीकडून. बरोबर दोन पिल्लं आहेत. थांबली आता. कान हलवतेय. इकडं बघतेय." तो मध्येच थबकला. आपण कुणाला सांगतोय हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला होता, तो ताठ झालेला मला कळला.

मी डोळे मिटून घेतले.

"मग?" मी म्हटलं, जमेल तितकं हळू.

मग तो पुढं सांगायला लागला. "पाण्यात उतरलीये. पिल्लं काठावर घाबरलीत. आता एक उतरलं. दुसरंही." बंदूक त्याने उचललीच नाही. ती पार झाडीत जाईपर्यंत तो सांगत राहिला, आणि मी मान खाली घालून, कान त्याच्याकडे करून ऐकत राहिलो.

"गेली," तो म्हणाला.

मी श्वास आत ओढला.